सूर्य गावचा, उद्योग कोणाचा?

एखाद्या तालुक्यात सौरप्रकल्प उभा राहिला की तेथे ‘ऊर्जा-उद्योग आला’ असे सांगितले जाते. हे विधान आपण तपासून घ्यायला हवे.

2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबीची निवड झाली. शेतीपंपाला दिवसा वीज मिळणे ही मोठीच सोय आहे. पण वीज मिळणे निराळे आणि उद्योग रुजणे निराळे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2022 च्या अहवालानुसार सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक होता. पॅनेल बसवून झाले की गावाकडे मुख्यतः धूळ पुसणे आणि राखण एवढेच काम उरते.

कोल्हापूरचा ओतकाम व्यवसाय असा वाढला नाही. साचे करणारे, ओतारी, लेथवाले, दुरुस्ती करणारे तेथे शेजारी आले आणि एकाचे कसब दुसऱ्याने उचलले. उद्योगसमूहांचे हे मर्म आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्येच सांगितले होते.

मग मारेगावात काय रुजेल? शेजारी वणीचा कोळसा आहे, शिवारात कापूस आहे. वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोतून सुमारे 4,000 किलोकॅलरी उष्णता मिळते. पण तिने ट्रक भरतो, वजन भरत नाही. त्यामुळे ती दूर नेणे परवडत नाही. तुकडे करून, दाबून ठोकळे बनवण्याचे काम शेताजवळच करावे लागते. औष्णिक केंद्रांनी कोळशात 5 टक्के जैवइंधन मिसळावे, असे केंद्राचे धोरण 2021 मध्ये आले. म्हणजे गिऱ्हाईकही आहे. शिवाय शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीला आसरा देते, तोही मोडेल.

तरीही पऱ्हाटीला ‘टाकाऊ’ म्हणण्यावर आमचा आक्षेप आहे. तिच्यावर अनेक घरांची चूल पेटते, आणि ती मातीत कुजली तर जमिनीला सेंद्रिय द्रव्य मिळते. हा हिशेब न मांडता कारखाना काढला, तर नफा मालकाचा आणि सरपणाची पायपीट बाईची, असे होईल. यंत्रदुरुस्तीचे कसबही बाहेरूनच येणार असेल, तर सौर पॅनेलची कथा येथे पुन्हा घडेल.

आपल्या गावात पऱ्हाटीचे काय होते, हे विद्यार्थ्यांनी घरोघर विचारावे आणि एका एकरातली पऱ्हाटी वजन करून पाहावी. योजनेच्या कागदाआधी हा कागद तयार असला पाहिजे.