जुनं टोकन, नवं टोकन : वय कशाचं मोजायचं?

एनएफटी जमवणाऱ्यांचा एक आवडता सिद्धान्त आहे : जुनं टिकेल, नवं बुडेल. २०१७ च्या आसपासची टोकनं धरून ठेवा, २०२१ च्या लाटेतली सोडा. आज आम्हाला हा सिद्धान्त तपासायचा आहे, कारण तो अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या सत्यावर लोक आपली पुंजी लावतात.

एनएफटी म्हणजे ब्लॉकचेन या सार्वजनिक वहीतली नोंद : अमुक क्रमांकाची वस्तू अमुक खात्याची. चित्र कुणीही कॉपी करतो. नोंद एकच असते.

आधी खरा अर्धा भाग. तांब्याच्या जुन्या नाण्यावर हिरवट पूट चढतं, जाणकार त्यावरून वय ओळखतो. आणि लबाड माणूस तेच पूट मुद्दाम चढवतो. टोकनाला पूट चढत नाही. तिथे वय सांगते ती फक्त नोंदीची वेळ, आणि ती मागाहून बदलणं जवळजवळ अशक्य. म्हणजे २०१७ ची टोकनं आता वाढायची नाहीत. नवी मालिका मात्र उद्या सकाळी निघू शकते. क्रिप्टोपंक जून २०१७ मध्ये निघाले, १०,००० च. बोअर्ड एप एप्रिल २०२१ मध्ये, तेही १०,००० च. पण पंकच्या वेळी बाजारच नव्हता. मॅट हॉल आणि जॉन वॉटकिन्सन यांनी १,००० स्वतःकडे ठेवले नि बाकीचे फुकट वाटले. व्यवहाराचं शुल्क तेवढं भरायचं. एपची दुर्मिळता गिऱ्हाईक समोर ठेवून ठरवलेली. हा फरक आम्ही खरा मानतो.

आता अडचण बघा. पंकच्या पहिल्या करारात, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅममध्ये, एक चूक होती : विक्री झाली तरी पैसे विकणाऱ्याला मिळायचे नाहीत, घेणाराच ते परत काढू शकायचा. त्याच महिन्यात दुरुस्त करार आला आणि पंक मूळ धारकांच्या नावे पुन्हा नोंदले गेले. पण वहीतून काहीच पुसलं जात नाही, त्यामुळे पहिला संचही राहिला. पुढे काहींनी तो नव्या वेष्टनात घालून बाजारात आणला. काळाच्या हिशेबात जुना कोण? हा पहिला संच! पण निर्मात्यांनी त्याला अस्सल म्हणायला नकार दिला, आणि भाव दुसऱ्या संचाहून पुष्कळच खाली राहिले. नुसतं वय मोलाचं असतं तर उलट घडायला हवं होतं.

मूनकॅट्सचं तर आणखी गमतीचं. करार ऑगस्ट २०१७ चा, मांजरं २५,६००, आणि प्रत्येक मांजर कुणीतरी ‘सोडवून’ घ्यायचं. बहुतेक तशीच पडून होती. मार्च २०२१ मध्ये कुणाला तरी आठवण झाली आणि काही तासांत उरलेली संपली. मग वय कराराचं की मांजराचं? संग्राहक २०१७ मध्ये सोडवलेल्यांना वेगळा मान देतात. आम्हाला ते पटतं, कारण तिथे विस्मृतीच्या आधीचा एक माणूस उभा आहे.

म्हणजे जुनेपणा हा वस्तूत असलेला गुण नव्हे, तो संबंध आहे. पंकला मोल आलं ते नंतरच्यांनी त्याची नक्कल केली म्हणून. २०१७ ची कितीतरी टोकनं निपुत्रिक गेली; ती नुसतीच जुनी आहेत.

आणि जुनं सांभाळावंही लागतं. केविन मकॉय यांचं ‘क्वांटम’ मे २०१४ चं, नेमकॉइनवरचं. तिथली नोंद ठराविक मुदतीत नूतनीकरण न केल्यास सुटते. ही सुटली. २०२१ मध्ये ते नाव दुसऱ्याच कुणी घेतलं. त्याच वर्षी सदबीजनं मकॉय यांचं टोकन सुमारे १४.७ लाख डॉलरना विकलं, आणि प्रकरण न्यायालयात गेलं. दावा फेटाळला गेला. पण ‘तेच’ म्हणजे कोणतं, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न तिथे डॉलरमध्ये उभा राहिला.

आपल्याकडच्यांसाठी एवढंच : आयकराच्या लेखी इथे दीर्घकाळ नावाची गोष्टच नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, मग टोकन दहा दिवस ठेवा की दहा वर्षं. आणि एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.