विषयाचा गौरव, दिग्दर्शनाविषयी मौन

सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार वारंवार मिळाले. तेव्हा त्यांची उपेक्षा झाली असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो वर्गवारीचा. 'बाई' (१९८५) हा लघुपट कुटुंबकल्याणाच्या वर्गात गौरविला गेला, 'दोघी' (१९९५) सामाजिक समस्येच्या. 'कासव'ला २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ लाभले. त्या वर्षीचा दिग्दर्शनाचा पुरस्कार मात्र 'व्हेंटिलेटर'साठी राजेश मापुसकर यांना मिळाला. 'व्हेंटिलेटर'चे गुण नाकारण्याचे कारण नाही. तथापि विषयाला दाद आणि दिग्दर्शनाविषयी मौन हा क्रम तीन दशके टिकावा, हे केवळ योगायोगाचे मानता येत नाही. अपर्णा सेन यांना '३६ चौरंगी लेन' (१९८१) साठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. म्हणजे निव्वळ स्त्री असणे आड आले असेही नव्हे.

आड आली ती, माझ्या मते, त्यांची कार्यपद्धती. भावे चित्रपटाकडे वळल्या त्या सामाजिक संशोधनातून. दलित स्त्रियांची जीवनकथने ऐकता ऐकता 'बाई'ची निर्मिती झाली, आणि ऐकून घेणे हीच पुढे त्यांची दिग्दर्शनरीती बनली. 'अस्तु'मध्ये स्मृती गमावलेला संस्कृत पंडित हत्तीमागे निघून जातो. माहुताची बायको चन्नम्मा त्याला लेकरासारखे सांभाळते. येथे कॅमेरा पांडित्याच्या ऱ्हासावर हळहळत बसत नाही. सांभाळण्याच्या साध्या कृतींना तो पुरेसा अवकाश देतो. हा अवकाश देणे हा दिग्दर्शकीय निर्णय होय. पण तो स्वतःकडे लक्ष वेधीत नसल्यामुळे 'विषयाची संवेदनशीलता' या खाती जमा होतो. गंमत अशी, की या चित्रपटासाठी भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो संवादलेखनाचा!

दुसरी अडचण सहदिग्दर्शनाची. लेखन भावे यांचे, दिग्दर्शन सुनील सुकथनकर यांच्यासह. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा एकमेव कर्ता, हे फ्रेंच समीक्षेने १९५० च्या दशकात रूढ केलेले गृहीतक अशा जोडनावापुढे अडखळते. मग तंत्र त्याचे, करुणा तिची, अशी सोयीची वाटणी करण्याचा मोह होतो. चित्रपटांच्या रूपबंधात तिला आधार सापडत नाही. 'दोघी'त लग्नाच्या दिवशीच नवऱ्या मुलाचे वऱ्हाड अपघातात सापडते आणि गौरी अपशकुनी ठरते. ती तशी ठरते कोणाच्या नजरेतून, आणि धाकट्या कृष्णाची नजर त्या नजरेपासून केव्हा वेगळी होते, हा प्रश्न दृश्यरचनेचा आहे. 'सामाजिक समस्या' या खान्यात तो मावत नाही.