आडनाव आणि वंश : नॉर्मन व जुन्नरी नामांचा पुरावा

आडनावावरून वंश सिद्ध करण्याची प्रवृत्ती जुनी आहे. इंग्लंडात १०६६ च्या स्वारीबरोबर आलेल्या नॉर्मन सरदारांशी रक्तसंबंध जोडण्यासाठी आडनावाचा आधार घेतला जातो; महाराष्ट्रात मोरे म्हणजे मौर्य, शेलार म्हणजे शिलाहार अशी समीकरणे मांडली जातात. व्युत्पत्ती निर्दोष असली, तरी ती शब्दाचा इतिहास सांगते, रक्ताचा नव्हे. या विवेचनांत नेमका हाच भेद सुटतो.

नॉर्मन लोक मूळचे नॉर्स. परंतु स्वारीपूर्वीच त्यांनी फ्रेंच भाषा स्वीकारली होती. म्हणून ‘बोमाँट’ (सुंदर टेकडी) हे नाव फ्रेंच आहे, आणि त्या नावाची गावेही अनेक आहेत. पुढे इंग्रज आईबाप मुलांना विल्यम, रॉबर्ट ही नॉर्मनांची नावे ठेवू लागले. तेव्हा ‘विल्यमसन’ या आडनावावरून नॉर्मन पूर्वज निष्पन्न होत नाही.

जुन्नर परिसराचा पुरावा याहून प्राचीन आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील प्राकृत लेखात दाता सुलसदत हा हेरणिकाचा पुत्र व कल्याणचा असल्याचे म्हटले आहे. कल्याणात ‘कल्याणचा’ म्हणण्याने कोणाचीच ओळख पटत नाही. जुन्नरास ती पटते. स्थलवाचक नाम गाव सोडल्यावरच सार्थ होते, हा नियम पर्सी आणि जुन्नरकर या दोहोंस सारखाच लागू आहे. जुन्नरच्याच लेखांत इरिल, चिट व चंद हे यवन दाते येतात. पहिल्या दोघांच्या ‘गत’ या उपपदावरून ते गॉथ असावेत, असा तर्क स्टेन कोनो यांनी केला. परंतु एका ध्वनिसाम्यावर वंशाची इमारत उभी राहत नाही. ‘चंद’ हे तर उघड प्राकृत नाम आहे.

अर्वाचीन काळीही हेच दिसते. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचा जन्म पंढरपूरचा. नारायणगाव ही घराण्याच्या फडाची ओळख. पदवाचक नामांची गती निराळी नाही. स्कॉटलंडात वंशपरंपरागत कारभाऱ्याचे पद ‘स्ट्युअर्ट’ हे आडनाव बनले आणि १३७१ मध्ये त्या घराण्यास राजपद मिळाले. इकडे कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने व महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. आडनावे मात्र राहिली. वळसे-पाटील या आंबेगाव तालुक्यातील जोडनामात कुळ व पद हे दोन थर आजही वेगळे दिसतात.

म्हणून आडनावांच्या संग्रहात नाम कोठे, केव्हा व कोणाच्या तोंडी रूढ झाले याची नोंद आवश्यक आहे. घोडनदीकाठचे जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. त्याच नावाचे गाव पुण्याजवळही आहे. यांपैकी ‘आंबेगावकर’ कोठला, हे केवळ प्रत्ययाच्या व्युत्पत्तीने कधीच ठरणार नाही.