बहमनींचे दोन हुकूम

बहमनी राज्याचा इतिहास आपण बहुधा गुलबर्गा आणि बीदर येथून वाचतो. मी तो चाकणहून वाचतो. येथील एमआयडीसीत नोकरी करता करता, सवडीने, मी या विषयाकडे वळलो. चाकणचा संग्रामदुर्ग मराठी वाचकाला ठाऊक आहे तो १६६० साली शायिस्ताखानाशी झुंजलेल्या फिरंगोजी नरसाळ्यांमुळे. त्याआधी दोनशे वर्षे याच किल्ल्यात बहमनी राज्याचे दुखणे उघडे पडले होते.

१३४७ साली स्थापन झालेल्या या राज्याचे मोठे कर्तृत्व म्हणजे त्याने गुणी माणसे दूरदूरहून आणली. इराण-इराकमधून आलेल्या या मंडळींना ‘आफाकी’ म्हणत. दौलताबादच्या काळापासून येथे रुजलेली मुसलमान घराणी, धर्मांतरित स्थानिक आणि हबशी हे ‘दखनी’. दरबारातील जागा मात्र मोजक्याच होत्या.

१४५३ साली चाकणला तळ असलेला आफाकी सरदार मलिक-उत-तुज्जार कोकणच्या मोहिमेवर गेला. शिर्क्यांनी त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, रानात नेऊन अडकवले. तो मारला गेला. वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात आले. ते फितूर झाल्याचे दखनी सरदारांनी सुलतान अलाउद्दीन अहमदला कळवले. आफाकींची पत्रे वाटेतच अडवली. हुकूम सुटला, वेढा पडला आणि अखेर अभय देऊन बाहेर काढलेल्यांची कत्तल झाली. खरे कळल्यावर सुलतानाने दोषींना शिक्षा केली. चौकशी कत्तलीनंतर झाली.

ही हकिकत सविस्तर सांगतो तो फिरिश्ता. तो जन्माने अस्त्राबादचा, म्हणजे स्वतः आफाकी. लिहीत होता दीडशे वर्षांनंतर, विजापूरच्या दरबारी. त्याच्या पानांत दखनी केवळ कपटी दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून मागे पडल्याची त्यांची सल तो नोंदवत नाही. म्हणून त्याने दिलेले मृतांचे आकडे मी सावधपणेच घेतो. घटनेचा सांगाडा मात्र मला पटतो, कारण तोच प्रकार पुढे बीदरला पुन्हा घडला.

महमूद गावान हा आफाकी वजीर. त्याने चार तरफांचे आठ केले, तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, जमिनीची मोजणी करविली, बीदरला मदरसा उभारला. पदे दोन्ही गटांत वाटण्याचाही त्याने प्रयत्न केला. तरीही १४८१ साली विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र पुढे केले आणि तिसऱ्या मुहम्मदशहाने शहानिशा न करता त्याला ठार करविले. दहा वर्षांत राज्याची शकले होऊ लागली.

‘परकीयांनी राज्य बुडवले’ किंवा ‘स्थानिकांनी घात केला’ हे दोन्ही निष्कर्ष मला अपुरे वाटतात. दोन्ही वेळा आरोपीचे म्हणणे ऐकून घेणारी जागाच राज्यात नव्हती. गावानने मुलूख मोजला, किल्ले वाटले. पण सुलतानाचा हुकूम तपासणारे कोणी त्यालाही उभे करता आले नाही. आज चाकणच्या कारखान्यांच्या फाटकांवर ‘इथला’ आणि ‘बाहेरचा’ हा वाद ऐकताना मला बहमनींची हीच उणीव आठवते. वाद कोणत्याही नांदत्या गावात असणारच. तो ऐकून घेऊन निकाल देणारे कोणी आहे का, एवढेच मी पाहतो.