फटक्यांचें यश : कौशल्य कीं दैव ?

बर्फावरील हॉकीच्या सांख्यिकांचें एक मत अलीकडे सिद्धान्ताच्या थाटांत मांडलें जातें. खेळाडूनें गोलावर मारलेल्या फटक्यांपैकीं शेंकडा किती सफळ झाले, हा आंकडा फुगला कीं तो दैवाचा प्रसाद समजावा, असें हें मत. तें सर्वस्वीं खोटें नाहीं. म्हणूनच त्याची परीक्षा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

विल्यम कार्लसन यानें 2016-17 च्या हंगामांत अवघे 6 गोल केले होते. पुढच्या हंगामांत लास व्हेगासच्या नव्या संघाकडून त्यानें 184 फटक्यांत 43 गोल केले. म्हणजे शेंकडा 23 हून अधिक. नॅशनल हॉकी लीगची सरासरी शेंकडा 10 च्या आसपास असते. त्याच्या पुढील हंगामांत 169 फटके आणि गोल मात्र 24 ! मनुष्य तोच, संघ तोच. गणितही सांख्यिकांच्याच बाजूचें आहे. ज्याची खरी शक्ति शेंकडा 12 ची, त्यानें 200 फटक्यांत 24 गोल करावे. पण निव्वळ योगायोगानें ते 15 होतील, किंवा 33 ही होतील. परीक्षेंत काठावर उतरलेला व काठावर बुडालेला यांत पुष्कळदां याहून अधिक अंतर नसतें, हें आम्ही परीक्षक खासगींत कबूल करतों.

परंतु कार्लसन घसरला तो कोठवर ? शेंकडा 14 वर, सरासरीवर नव्हे. लिऑन ड्रायसाइटल तर 2018-19 पासून सलग पांच हंगाम शेंकडा 18 च्या वर राहिला. क्रेग सिम्प्सन यानें साऱ्या कारकीर्दींत 1044 फटक्यांत 247 गोल केले. त्या काळची सरासरी आजच्याहून चढी होती, हें मान्य. तरी हजार फटके दैव एकाचीच कड घेत नाहीं.

मग सिम्प्सन हा ग्रेट्स्कीहून थोर काय ? ग्रेट्स्कीचे गोल 894, प्रमाण मात्र शेंकडा 17 ते 18. सिम्प्सन गोलरक्षकाच्या तोंडाशीं ठाण मांडी, धक्के सोशी, आणि हातभर अंतरावरून चकती आंत लोटी. तेथें टिकून राहणें हेंच त्याचें कौशल्य. दुरून नेम साधण्याचें तें नव्हे. सांख्यिकांचा आंकडा हे दोन गुण निराळे करीत नाहीं, आणि न दिसलेल्या गुणास ते दैव म्हणून मोकळे होतात.

2018 सालीं कार्लसनशीं एकाच वर्षाचा करार झाला. 2019 सालीं, 24 गोलांनंतर, आठ वर्षांचा, वर्षाकाठीं 59 लक्ष डॉलरांचा. त्यांत त्या 43 गोलांचें मोल किती धरलें, तें चालकच जाणोत.