कागदाची फियाट : एका तक्त्याचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात राधानगरीच्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांबरोबर आम्ही कागदाची फियाट तयार केली. बाजारात मिळणारा एक छापील तक्ता त्यासाठी वापरला. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत असे तक्ते उपयोगी पडतात. म्हणून या तक्त्याचे गुणदोष शिक्षकांपुढे मांडावेत असे वाटले.

गाडीची निवड उत्तम आहे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1964 पासून ही फियाट बनू लागली. 1974 पासून ती प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि 2001 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आमच्या मुलांपैकी कोणीच तिच्यात बसलेले नव्हते. पण शिपाईमामा तक्ता पाहताच म्हणाले, "ही तर डाक्टरांची गाडी!" आणि वर्गात गोष्टी सुरू झाल्या. तक्त्याची छपाई स्वच्छ आहे, कापायच्या आणि दुमडायच्या रेषा वेगळ्या ओळखू येतात. एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

आता उणिवा. पहिली प्रमाणाची. मूळ गाडी सुमारे 3.93 मीटर लांब आणि 1.46 मीटर रुंद. तयार झालेले प्रारूप आम्ही मोजले, तेव्हा लांबी 164 मिलिमीटर भरली, म्हणजे प्रमाण 1:24. रुंदी मात्र 68 मिलिमीटर, म्हणजे प्रमाण साधारण 1:21. लांबीच्या हिशेबाने ती 61 मिलिमीटरच हवी होती. तक्त्यावर प्रमाण छापलेलेच नाही. मुलांना हे भागाकार स्वतः करायला लावले, तर ही उणीवही एका तासिकेचा चांगला पाठ होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पुढच्या मडगार्डचा गोलसर भाग तक्त्यात सपाट, सलग दिला आहे आणि सूचना आहे : 'हलक्या हाताने गोलाई द्यावी.' एका मुलाने तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा कागद चुरगळला. शेवटी तो म्हणाला, "सर, माझा हातच बरा नाही." या एका वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

कारण त्याच्या हाताचा काहीच दोष नव्हता. सपाट कागद गुंडाळून वृत्तचिती होते, शंकू होतो. गोल होत नाही. एकाच वेळी दोन दिशांनी फुगणारा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट कागदापासून करता येत नाही, हे गाऊस या गणितज्ञाने 1827 मध्ये सिद्ध केले. मोसंबीची साल टेबलावर दाबून सपाट करायला जा, ती फाटतेच. मग खरे मडगार्ड कसे बनते? तांबट पत्रा ठोकून पातेले करतो, तेव्हा पत्रा ताणला जातो. कारखान्यात हेच काम साच्यात दाब देऊन होते. पोलाद ताणले जाते आणि तसेच राहते. कागद ताणला जात नाही, फाटतो. कागदात अशी गोलाई हवी असेल, तर कडेने त्रिकोणी चिरा देऊन टोके एकमेकांवर चिकटवावी लागतात. तक्त्यात त्या चिरा छापणे मुळीच अवघड नव्हते.

तिसरी उणीव मजबुतीची. तक्ता तळाला जाड पुठ्ठ्याचा वेगळा सांगाडा चिकटवायला सांगतो. या गाडीचा मूळ वंश म्हणजे 1953 ची इटालियन फियाट 1100. तिला वेगळी चासी नव्हती; दुमडून जोडलेली पत्र्याची पेटीच सारा भार पेलत असे. आम्ही पुठ्ठा वगळला. दोन पुस्तकांवर कागदाची सपाट पट्टी ठेवली, ती एका नाण्याने वाकली. तीच पट्टी पंख्यासारख्या घड्या घालून ठेवली, तेव्हा तिने कितीतरी नाणी पेलली. पुठ्ठ्याने नेमका हाच धडा झाकून टाकला असता.

शेवटची सूचना वाचून सगळा वर्ग हसला : 'चिकटवलेले भाग उन्हात वाळवावेत.' जुलैत, धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायच्या दिवसांत, राधानगरीत ऊन आणायचे कुठून? दमट हवेत कागद फुगतो, आणि तो तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळेल, ती तंतूंची दिशा. गाडीचा टप गुंडाळायचा, तर त्याची वळणरेषा तंतूंना समांतर ठेवावी. आम्ही तसे केले, तेव्हा टप नीट वळला.

तक्ता घ्यावा का? जरूर घ्यावा, पण सूचनांचा कागद बाजूला ठेवावा. प्रदर्शनात परीक्षकांनी गुळगुळीत प्रारूपालाच बक्षीस देऊ नये, अशी आमची विनंती आहे. त्या मुलाच्या चौथ्या मडगार्डवर पाच चिरा स्पष्ट दिसतात. त्यांवर रंग देऊ नकोस, असे आम्ही त्याला सांगितले. त्या का द्याव्या लागल्या, हे आता तो कोणालाही समजावून सांगू शकतो.