दर्या, दऱ्या आणि संगणकाचे तळघर

'काल', 'काळ' आणि 'कावळा' हे तीन शब्द संगणकाला क्रमाने लावायला सांगावेत. खास सूचना दिली नाही, तर तो ते याच क्रमाने लावतो. मराठी शाळेत शिकलेला कोणीही म्हणेल, हे चुकले. ळ हा ह च्या पुढचा. म्हणून काल, कावळा, काळ. कड्यात बसून आष्टी तालुक्याच्या बोलीतले शब्द मी गेली काही वर्षे टिपतो आहे. यादी अकराशेच्या वर गेली आणि हा घोळ रोजचा झाला. तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न मात्र मला खुद्द क्रमापेक्षा रंजक वाटला.

संगणकप्रणालीच्या तळाशी काही अगदी साधी फंक्शने असतात. दोन मजकुरांची तुलना करणे, स्मृतीतला एक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवणे, अशी त्यांची कामे. वरचे सगळे प्रोग्राम त्यांना हाक मारतात. हाक मारणाऱ्याच्या मनात काय आहे, हे ओळखून या फंक्शनांनी वागावे का? की सांगितले तेवढेच करावे?

तुलना करणारे फंक्शन अक्षर पाहतच नाही, अक्षराला दिलेला आकडा पाहते. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता भारतीय प्रमाण असलेल्या इस्की संकेतावर, त्याच्या १९८८ च्या रूपावर बेतलेला आहे. इस्कीला एकाच तक्त्यात ब्राह्मीतून निघालेल्या साऱ्या भारतीय लिप्या बसवायच्या होत्या. म्हणून ळ ल च्या शेजारी बसला, आणि दक्षिणेकडचा कठोर ऱ र च्या. हा तक्ता मराठी वर्णमालेचा अपमान नव्हे. ती सोयीची मांडणी आहे. तळाच्या फंक्शनाने ती मुकाट्याने पाळावी, हेच बरे. कारण त्या क्रमाच्या भरवशावर वर सूच्या रचलेल्या असतात. क्रमवार यादीत शोधणारा प्रोग्राम मधोमध पाहतो, अर्धी यादी टाकून देतो, पुन्हा मधोमध पाहतो. उद्या भाषेगणिक क्रम बदलला, तर काल रचलेल्या सूचीत आज तो चुकीची अर्धी बाजू टाकील. मराठी क्रम हवा असेल, तर सी भाषेतच त्यासाठी वेगळे फंक्शन आहे. ते आधी भाषेचे नियम विचारते आणि मग तुलना करते. त्याला हाक मारायची.

शिवाय मराठीची अपेक्षा तरी एक कुठे आहे? शाळेच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. मोल्सवर्थच्या कोशात क्षमा, क्षेत्र ही मंडळी क च्या घरात, शेवटच्या खोलीत राहतात. तळघराने शाळामास्तरांचे ऐकावे की मोल्सवर्थचे? माझ्या यादीत मी शाळेचा क्रम घेतला. हा निर्णय माझा आहे, यंत्रावर तो ढकलण्यात अर्थ नाही.

याविरुद्धची बाजू सर्वांत जोरकसपणे मांडली गेली ती २०१० साली, आणि तीही भाषेच्या नव्हे, ध्वनीच्या निमित्ताने. लिनक्समध्ये मेमकॉपी नावाचे फंक्शन स्मृतीतला तुकडा नकलतो. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर येत असतील, तर निकालाची हमी नाही, असे त्याच्या करारातच लिहिलेले. त्या कामासाठी मेममूव्ह हे निराळे फंक्शन आहे. पण जुने मेमकॉपी सुरुवातीपासून पुढे नकलत असल्यामुळे पुष्कळदा निभावून जाई. नव्या आवृत्तीने वेगासाठी काही प्रोसेसरांवर शेवटाकडून नक्कल सुरू केली, आणि फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला. चूक फ्लॅशची, असे एका बाजूचे म्हणणे. लिनस टोरवाल्ड्स यांचे म्हणणे असे की, वापरणाऱ्याला चूक कोणाची याच्याशी देणेघेणे नसते. काल चालत होते ते आज मोडले, एवढेच त्याला दिसते. २०११ च्या आवृत्तीत तोडगा निघाला. आधी बांधलेल्या प्रोग्रामांना जुनी सांभाळून घेणारी वागणूक, नव्याने बांधलेल्यांना कराराप्रमाणे. मला हा तोडगा आवडतो. तळाच्या फंक्शनाने येथे कोणाचे मन ओळखले नाही. कोणाला काय कबूल केले होते, त्याची नोंद ठेवली.

येथवर माझा कौल तळघराच्या बाजूने आहे. पण एक अपेक्षा अशी आहे की ती वरच्या मजल्यावर पुरी करताच येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्थानक मिळाले. रुळांमधले अंतर प्रवाशाला विचारून ठरत नाही, ते १,६७६ मिलिमीटरच. पण गावाला स्थानकच दिले नाही, तर डब्यातली कुठलीही सुधारणा प्रवाशाला तिथे उतरवू शकत नाही.

दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना जेवणाचे सांगायचे. हा भेद मराठीच्या कानात आहे आणि लेखणीतही. तळाच्या संकेतात तो नोंदला गेला नाही, तर वरचा कुठलाही टंक, कुठलाही शोधयंत्राचा हुशार प्रोग्राम तो परत आणू शकत नाही. समुद्र होता की दरी, हे मजकुरातूनच पुसले गेलेले असते. अशा ठिकाणी तळाने ऐकलेच पाहिजे. मान्य करायला हवे की युनिकोडने ऐकले. मात्र दोनदा, दोन तऱ्हांनी. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या रीतीने र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. नंतरच्या रीतीने, द्राविडी भाषांसाठी ठेवलेला तो ऱ आणि हलन्त. परक्याच्या घरात मराठीला अर्धे अक्षर मिळाले, याची मला गंमत वाटते. जुनी रीत मोडायची नाही म्हणून दोन्ही चालू राहिल्या. ॲ चेही तसेच. स्वतंत्र ॲ आला २००८ मध्ये. तोवर अ वर चंद्र काढून भागवलेले लेखन जिथल्या तिथे आहे.

डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, तुलना करणाऱ्या फंक्शनाला नाही. एखाद्या यादीत 'बोऱ्हाडे' हे आडनाव एका रीतीने टंकले असेल आणि शोधणाऱ्याचा कळफलक दुसरी रीत वापरत असेल, तर नाव समोर असून उत्तर येते, नोंद सापडली नाही. युनिकोडमध्ये काही वेगवेगळ्या आकड्यांच्या मालिका समान मानण्याची सोय आहे, पण ही जोडी तिच्यात नाही, आणि समानतेचे ठरलेले नियम बदलायचे नाहीत असे वचन आता दिलेले आहे. माझा टीकेचा रोख या वचनावर नाही. मराठी याद्यांचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर आहे. शोधापूर्वी दोन्ही रूपे एक करून घेणे हे काही ओळींचे काम आहे आणि ते वरच्याच मजल्यावरचे आहे. माझ्या अकराशे शब्दांसाठी मी ते केले. निराधारांच्या, मतदारांच्या, सातबाऱ्याच्या याद्या बांधणाऱ्याने ते केले की नाही, हे तपासायला एक बोऱ्हाडे पुरे.